कॅसेटचं शेवटचं अर्धं मिनिट

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

जोधपूरहून परवा आलो. "किल्ला पाहिलात का बाबा?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी नुसतं हो म्हणालो. मनात दुसरंच होतं, ते लिहूनच सांगतो.

शहराबाहेर मोकलावास गावाजवळ अरणा-झरणा हे संग्रहालय आहे, दगडाच्या जुन्या खाणीच्या जागेवर. कल्पना कोमल कोठारींची (१९२९–२००४). त्यांनी लेखक विजयदान देथांबरोबर १९६० मध्ये बोरुंदा गावात लोककलांसाठी रूपायन संस्थान काढलं आणि पुढं आयुष्यभर लंगा आणि मांगणियार या पिढीजात गाणाऱ्या जमातींच्या गवयांची गाणी टेपवर उतरवून घेतली. इथं वाद्यं आहेतच, पण झाडूही आहेत, ढीगभर! ज्या भागात जे गवत, तसा तिथला झाडू. राजस्थानचे भागसुद्धा कोठारी बाजरी, ज्वारी आणि मका या पिकांवरून पाडत. गाणं मातीतून उगवतं असं आपण सहज म्हणतो. या माणसानं ते शब्दशः धरलं. मला फार आवडलं ते.

त्याच दिवशी संध्याकाळी एका मांगणियार वादकाचा कमायचा, म्हणजे त्यांचं गजानं वाजवायचं तंतुवाद्य, अगदी हातभर अंतरावरून पाहिला. आंब्याच्या एकाच ओंडक्यातून कोरलेला, पोट परातीसारखं गोल, त्यावर बकरीचं कातडं ताणलेलं. मुख्य तारा धातूच्या नाहीत, आतड्याच्या ताती आहेत. त्यानं गजाला राळ चोळली, कातड्यावरून तळवा फिरवला आणि बराच वेळ नुसत्या खुंट्याच पिळत बसला. मग गज टेकवला आणि असा खर्ज निघाला की माझ्या छातीत घुमला. हमीरा गावच्या साकर खाँना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच वाद्यासाठी. मांगणियार मुसलमान, त्यांचे यजमान बहुतेक हिंदू राजपूत. यजमानाच्या घरी पाळणा हलला की हे गाणार, लग्नातही हेच गाणार, आणि त्या घराच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं यांना तोंडपाठ. लिहिलेलं काही नाही. म्हातारा गेला आणि पोरगं शिकलं नाही, तर तेवढं गेलंच.

तिथं बसल्या बसल्या मला आपली कॅसेट आठवली.

तुला हे कधी सांगितलं नाही. आजोबांची एकादशीची भजनं मी एका कॅसेटवर टेप केली होती. तू दोन वर्षांची असताना बोबडं गाणं म्हणायला लागलीस, घरात कोरी कॅसेट नव्हती, आणि मी तीच लावून बटण दाबलं. आजोबा तेव्हा होते, पुन्हा कधीही टेप करू असं वाटलं. पुढच्या श्रावणात ते गेले.

सगळं पुसलं नाही. तुझं गाणं संपल्यावर "बाबा, झालं" असं म्हणतेस, खट्ट असा आवाज होतो, आणि तिथून अर्धं मिनिट आजोबा आहेत. टाळ आहे, मागं कुणीतरी खोकतंय, आणि वरच्या सुरात त्यांनी ओढलेला "विठ्ठला". मग फीत संपते.

ती कॅसेट या पत्राबरोबर पाठवतोय. फीत जुनी झाली आहे, टेपरेकॉर्डरवर लावून बघू नकोस, गुंडाळली तर संपलं. जुन्या टेपा उतरवून देणारा कुणी जाणता माणूस तिकडं सापडतो का ते आधी बघ. तुझं गाणंही कापू नकोस, दोन्ही एकत्रच राहू दे.

तुझा,
बाबा