‘मदत’ कसली, हे तर नवं-जुनं!

मा. संपादक,
स. न.

पाकिस्तानला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा हप्ता मिळाला की बातमीत हमखास ‘मदत’ हा शब्द येतो आणि मला हसू येते. माझी सगळी नोकरी परभणी जिल्ह्यात, शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सेवा सोसायटीचे दप्तर सांभाळणारा गटसचिव म्हणून गेली. आमच्याकडे या व्यवहाराला नाव आहे, नवं-जुनं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. मार्चअखेर आली की शेतकरी आडत्याकडून चार दिवसांसाठी पैसे उचलतो, सोसायटीचे पीककर्ज भरतो आणि नवे कर्ज हातात पडले की त्यातून आधी आडत्याची रक्कम व्याजासकट चुकती करतो. कागदावर वसूल शंभर टक्के! शेतकऱ्याकडे मात्र बी-खतापुरतेही उरत नाही. अशा किती नोंदी मी स्वतःच्या हाताने केल्या, मोजदाद नाही. (त्याला दोष देऊ नका. थकबाकीत गेला की व्याजाची सवलत जाते, पुढचे कर्जही अडते.)

आता पाकिस्तान बघा, तिथेही नव्या कर्जातून जुनी देणी भागवायची. 1958 पासून वीसहून अधिक वेळा नाणेनिधीच्या दारात. 2023 च्या फेब्रुवारीत परकीय चलनाची गंगाजळी 3 अब्ज डॉलरच्या खाली गेली, मे महिन्यात महागाई 38 टक्क्यांवर. सप्टेंबर 2024 मध्ये 7 अब्ज डॉलरचे नवे कर्ज मंजूर झाले, 37 महिन्यांत हप्त्याहप्त्याने मिळणारे. चीन, सौदी अरेबिया आणि अमिरातीने ठेवलेल्या ठेवींची मुदत वर्षानुवर्षे वाढवून घ्यावी लागत आली, आणि या ठेवी निघणार नाहीत याची खात्री पटल्याशिवाय नाणेनिधी पुढे सरकत नाही. जामीनदार आणा, मग बोलू, असे आम्ही म्हणायचो, तेच.

अटीही वाचण्यासारख्या आहेत. चारही प्रांतांना शेती उत्पन्नावरचा कर वाढवावा लागला. तिथले बडे जमीनदार आजवर कराच्या कक्षेतून निसटत आले, त्यांची मला कणव नाही. पण सरकारने गव्हाच्या आधारभूत किमतीतून अंग काढून घ्यावे, ही अट लहान शेतकऱ्याच्या मुळावर येणारी आहे. हमीभावाच्या खाली सोयाबीन विकलेल्या मराठवाड्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

आपणही फार हसू नये. 1991 मध्ये आपले सुमारे 47 टन सोने इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडे गहाण गेले होते. फरक इतकाच की आपण ते सोडवले, नाणेनिधीचे देणे फेडले आणि 1993 नंतर त्या दारात पुन्हा कर्जासाठी गेलो नाही.

तेव्हा विनंती एवढीच, मथळ्यात ‘मदत’ऐवजी सरळ ‘कर्ज’ छापा. आणि आलेल्या रकमेतून जुनी देणी भागवायला किती जाणार, तो आकडाही शेजारी द्या. आमच्या गावातली माणसे तोच आधी विचारतात.

आपला,
एक निवृत्त गटसचिव, जि. परभणी