बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरी आलेल्या मिस्त्री मामांना मनापासून थँक्यू

मामा, नमस्कार. तुमचा मुलगा हे तुम्हाला वाचून दाखवेल म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहायलेय, कारण तुम्ही जे केलंत त्याचे आभार चारचौघात मानायलाच पाहिजेत.

तुम्हाला बोलावलेलं वरच्या टाकीचा बॉलकॉक बदलायला. काम झालं, आणि निघताना मागच्या पडवीत हात धुताना तुमची नजर वॉशिंग मशीनच्या मागं गेली. नळाकडून येणाऱ्या रबरी नळीला नटाजवळ जुन्या सायकलच्या ट्यूबला येतो तसला फुगा आलेला, थेंबभरसुद्धा पाणी गळत नव्हतं बरं का, म्हणजे कुणाला कळायचं कारणच नाही. तुम्ही आधी नळ बंद केलात, मग बोललात. पडवीला लागून मागाची खोली, खाली जमिनीवर सुताची पोती आणि घडी घालून ठेवलेल्या साड्या. ती नळी रात्री फुटली असती तर 1000 लिटरची टाकी सगळी तिकडंच उतरली असती, आणि त्या साड्या आमच्या नव्हेत हो मामा, सूत देऊन विणून घेणाऱ्या सावकाराला द्यायच्या होत्या.

तुम्ही नवी नळी घालून निघून गेला असता तरी आम्ही खूश झालो असतो. पण तुम्ही आमच्या सासूबाईंना बोलावून बसवलंत आणि अर्धं कन्नड अर्धं मराठी करत सगळं हातात देऊन दाखवलंत, ह्याचं मला जास्त वाटतं. फुगा कुठं येतो, नळी वाकवली की बारीक भेगा कशा दिसतात, नटाला हिरवट-पांढरं धरलं की समजायचं तिथनं पाणी झिरपतंय. मशीन आणि भिंतीत चार बोटं जागा पाहिजेच नाहीतर नळी मुरगळते आणि तिथंच चिरते. जुना वायसर, म्हणजे आतली रबरी चकती, नटातच चिकटून राहतो, तो काढायच्या आधी दुसरा घातला की जोड हमखास गळतो, हे तर मला नवीनच होतं. आणि आमच्या ह्यांनी पक्कड घेऊन जोर लावला तेव्हा तुम्ही "साकु, साकु" (बास, बास) म्हणून थांबवलंत, हातानं घट्ट करून वर फक्त पाव फेरा, प्लॅस्टिकचा नट असेल तर नुसता हातानंच, कारण पाणी अडवतो वायसर, जास्त पिळलं की तोच चेंगरतो. मग खाली कोरडा पेपर अंथरून एक धुणं लावलंत आणि ते संपेपर्यंत तुम्ही थांबलात. एवढं कोण थांबतं आजकाल?

सासूबाईंच्या डोक्यात पक्कं बसलंय ते नळाचं. मशीन बंद असली तरी नळ चालू असला की नळीवर सारखा दाब असतो, म्हणून धुणं झालं की नळ बंद. बेळगावात काही वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाणी आहे, तिथं नळी थेट लाइनवर असली तर फुटल्यावर पाणी थांबणारच नाही, टाकी निदान कधीतरी रिकामी तरी होते, हे तुमचं बोलणं त्या आता येईल त्याला सांगतात.

स्टीलच्या जाळीची नळी घ्या म्हणालात, पण लगेच हेही सांगितलंत की आत रबरच असतं आणि जाळीमुळं ते दिसत नाही, म्हणून साधारण पाच वर्षांनी तीही बदलायची. विकायचं असतं तर कुणी असं सांगितलं नसतं. नळीवर मार्करनं महिना-वर्ष तुम्हीच लिहून दिलंत.

खालची सांडपाण्याची नळी पण बघितलीत. पावसाळ्यात घुशी-उंदीर आत शिरतात आणि त्यांना ती पन्हाळीदार नळी फार आवडते, म्हणून मोरीच्या तोंडाला जाळी. आमची फ्रंट लोड, तिची नळी जमिनीवर पडलेली होती, ती तुम्ही उचलून कमरेएवढ्या उंचीवर अडकवलीत, नाहीतर भरलेलं पाणी आपोआप निघून जातं आणि मशीन भरतच बसते. धुणं उगीच तासभर लांबायचं त्याचं कारण हे होतं म्हणायचं!

मामा, नळीचे पैसे तेवढे घेतलात, वेळेचे घेतलेच नाहीत. सासूबाईंनी ते बाजूला काढून ठेवलेत आणि त्या ऐकणार नाहीत, तेव्हा ते घ्यावेच लागतील. शिवाय गल्लीतल्या बाकीच्या मागवाल्यांना पण आपापल्या मशीन दाखवायच्या आहेत. तुम्हाला सवड कधी आहे ते मुलाकडनं कळवा, सगळ्यांना त्या दिवशी घरी थांबायला सांगते.

वडगावची तुमची सूनबाई