प्रतिज्ञेतले दोन शब्द आणि आईची चिठ्ठी

डॅलस, १२ जुलै

तीर्थस्वरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

ऑगस्टमध्ये अथर्व इथल्या सरकारी शाळेत तिसरीत बसेल. धर्म आणि सरकार वेगळं म्हणवणाऱ्या देशात रोज सकाळी मुलांच्या तोंडी देव कसा, असं तू फोनवर विचारलंस. ते नीट लिहूनच कळवायला हवं.

टेक्सासच्या कायद्याने शाळेत रोज तीन गोष्टी व्हाव्याच लागतात. स्पीकरवर घोषणा झाली की मुलं उजवा हात छातीवर ठेवून अमेरिकेच्या ध्वजाची ३१ शब्दांची प्रतिज्ञा म्हणतात, लगेच टेक्सासच्या ध्वजाची, आणि मग एक मिनिट शांतता. त्या मिनिटात प्रार्थना करावी, चिंतन करावं किंवा नुसतं बसावं. दुसऱ्याला व्यत्यय आणायचा नाही. शिक्षकाने प्रार्थना सांगायची नसते.

मूळ प्रतिज्ञा १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. ते बाप्टिस्ट धर्मोपदेशक, तरी त्यांनी त्यात देव घातला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ‘ईश्वराच्या छत्राखाली’ अशा अर्थाचे दोन शब्द १४ जून १९५४ ला कायद्याने आले, निरीश्वरवादी सोव्हिएत रशियापेक्षा आपण वेगळे आहोत हे दाखवायला. टेक्सासच्या प्रतिज्ञेत तर ते २००७ मध्ये आले. तू वर्गात इतकी वर्षं म्हणून घेतलेल्या ‘भारत माझा देश आहे’मध्ये देवाचा उल्लेखच नाही, त्यामुळे अथर्वला हे नवीन वाटेल.

न्यायालयांनी काय केलं, ते समजलं की पुढचं सोपं जातं. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची मुलं ध्वजाला सलामी देत नसत. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी सक्ती योग्य ठरवली आणि तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, ६ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल फिरवला. सरकार कुणाच्या तोंडी शब्द घालू शकत नाही, हा त्याचा आधार. म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, धर्माचा नव्हे. आपल्याकडे केरळच्या बिजो इमॅन्युएल खटल्यातही याच पंथाची तीन मुलं होती. राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढणं १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चूक ठरवलं.

‘देव’ या शब्दाचा निकाल मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अजून दिलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या एका वडिलांचा दावा २००४ मध्ये तिथवर पोचला, पण त्यांना दावा लावायचा अधिकारच नाही म्हणून मूळ प्रश्न बाजूला राहिला. टेक्सासचे शब्द न्यू ऑर्लिन्सच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये कायम ठेवले. म्हणजे शब्द राहतात आणि ज्याला नको त्याने सूट मागायची. मला हे अपुरं वाटतं, कारण तिसरीतल्या मुलाला सगळ्या वर्गादेखत वेगळं पडावं लागतं.

अथर्वच्या आईला, मंजूला, फक्त ते दोन शब्द खटकत असतील तर चिठ्ठी नकोच. तेवढ्यापुरतं अथर्वने गप्प राहावं. पूर्ण सूट हवी असेल तर मुख्याध्यापकांना लेखी विनंती द्यायची: मुलाचं नाव, इयत्ता, एक प्रतिज्ञा की दोन्ही, तो वर्गातच शांत बसेल हे वाक्य, तारीख, सही. ‘वर्गातच’ हा शब्द गाळू नये, नाहीतर एखादे शिक्षक त्याला व्हरांड्यात उभं करतात. आपली माणसं धर्माचं लांबलचक स्पष्टीकरण लिहितात आणि मग ऑफिसात त्यावरच चर्चा सुरू होते. कायदा कारण विचारत नाही, तर लिहूच नये. शांततेच्या मिनिटासाठी वेगळी सूट मागायची गरज नाही, त्यात काही म्हणायचंच नसतं.

चिठ्ठी ऑफिसच्या फाइलीत अडकते, म्हणून एक प्रत वर्गशिक्षिकेला द्यावी. तरी बदली शिक्षक आले की घोटाळा होतोच, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दुसरी प्रत दप्तरात असू दे आणि ‘आईने शाळेला चिठ्ठी दिली आहे’ हे एवढं वाक्य अथर्वकडून इंग्रजीत पाठ करून घे. दरवर्षी वर्ग बदलतो, आणि इथे शाळा जूनऐवजी ऑगस्टमध्ये सुरू होते, तेव्हा नवी चिठ्ठी ऑगस्टमध्येच द्यायची.

आणि तुझी खरी काळजी: ही प्रतिज्ञा म्हटल्याने त्याच्या भारतीय नागरिकत्वाला काहीही होत नाही.

काकांना नमस्कार.

तुझा,
संजू