लोकगीत नव्हे, आयशेनडॉर्फची कविता

महोदय,

पाणचक्कीच्या चाकाचं ते जर्मन विरहगीत आपल्याकडे जर्मन शिकवताना बहुतेकदा ‘लोकगीत’ म्हणून ऐकवलं जातं. मीही तसंच शिकले. पण त्याला कवी आहे : योझेफ फॉन आयशेनडॉर्फ. कविता 1813 मध्ये टोपणनावानं छापली गेली, पुढच्याच वर्षी फ्रीडरिश ग्ल्यूकनं तिला चाल दिली आणि ती इतकी घरोघरी पोहोचली की कवीचं नावच मागे पडलं. हे मला फार लागतं.

अवघी पाच कडवी. गारव्याच्या दरीत चाक फिरतंय, तिथं राहणारी प्रेयसी मात्र निघून गेली. आणाभाका घेताना तिनं अंगठी दिली होती. तिनं वचन मोडलं आणि अंगठीचे दोन तुकडे झाले. मग तो प्रियकर म्हणतो, गाणी गात दारोदार भटकावं, घोडेस्वार होऊन रणात उतरावं. शेवटी पुन्हा त्या चाकाचा आवाज. आता मरण आलं तर बरं, एकदाचं सगळं शांत होईल! एवढ्या साध्या शब्दांत हे लिहिणाऱ्याचं नाव शिक्षकांनी गाण्याआधी जरूर सांगावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे