वरच्या मजल्यावरच्या काकूंना, प्रकाशाच्या वेगाबद्दल मनापासून थँक यू

काकू, सप्रेम नमस्कार.

खरं तर एक जिना चढून येऊनही हे सांगता आलं असतं, पण मुद्दाम इथे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण कोथरूडमध्येच काय, अख्ख्या पुण्यात माझ्या लेकीसारखे प्रश्न पडणारी कितीतरी मुलं असतील आणि प्रत्येकाच्या बिल्डिंगमध्ये रिटायर्ड फिजिक्सच्या मॅडम राहत नाहीत.

तिचा प्रश्न साधा होता, प्रकाशापेक्षा जोरात काहीच का जाऊ शकत नाही? क्लासमध्ये उत्तर मिळालं की आइन्स्टाईनने सांगितलंय म्हणून, आणि हे परीक्षेला नाहीये. त्यानंतर पोरीने विचारणंच सोडून दिलं होतं हो. मी कॉमर्सची, नवरा दिवसभर दुकानात, आम्ही काय सांगणार. तुम्ही मात्र "नाही जाऊ शकत" एवढं म्हणून मोकळ्या झाला नाहीत, तुम्ही तिलाच उलट विचारलंत, "जोरात जातंय ते नक्की आहे काय?" आणि मग सगळं या एका प्रश्नावरच चाललं.

ती गच्चीवरची रात्र. तुम्ही तिच्या हातात लेझर दिलात, समोरच्या बी विंगच्या भिंतीवर लाल ठिपका, मनगट जरासं हललं की ठिपका भिंतीच्या या टोकाचा त्या टोकाला. म्हणालात, आता भिंतीऐवजी चंद्र धर. आणि महावितरणच्या बिलाच्या मागे हिशोबही तिलाच करायला लावलात. चंद्राचा व्यास ३,४७४ किमी, ठिपका या कडेपासून त्या कडेला सेकंदाच्या शंभराव्या भागात गेला तर वेग झाला सेकंदाला ३ लाख ४७ हजार किमी, आणि प्रकाशाचा वेग २ लाख ९९ हजार ७९२. ती ओरडलीच, "हरला की प्रकाश!" तुम्ही शांतपणे विचारलंत, चंद्राच्या या कडेवर एक माणूस आणि त्या कडेवर दुसरा, तर या ठिपक्यातून याला त्याला निरोप पाठवता येईल का? बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली की नाही येणार, कारण ठिपका ही वस्तूच नाहीये, दर क्षणी आपल्या लेझरमधून नवीन प्रकाश निघून तिथे पोचतोय आणि तो सव्वा सेकंद घेऊनच पोचतोय. काकू, हे तिचं तिने शोधलं. तिचा त्या वेळचा चेहरा मी बघितलाय, त्याचे आभार कसे मानायचे मला खरंच कळत नाही.

मग पाण्यातल्या प्रकाशाचं सांगितलंत. पाण्यात प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किमीपर्यंत मंदावतो, तिथे इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकू शकतो, आणि तसं झालं की निळसर उजेड पडतो, चेरेंकोव्हने १९३४ मध्ये दाखवलेला. आपल्या ट्रॉम्बेला १९५६ साली सुरू झालेली अप्सरा ही अणुभट्टी पाण्याच्या टाकीतलीच, तिथेही हा उजेड पडायचा, म्हणजे हे काही फक्त परदेशातलं नाही. पण नियम मोडला का? नाही, कारण मर्यादा पोकळीतल्या वेगाची आहे. आणि लांबच्या आकाशगंगा त्याहून वेगाने दूर जातात तेव्हा मधली जागाच पसरत असते, जागेतून कोणी तेवढं पळत नसतं.

"पण का नाही" याचं उत्तर मलाही तेव्हाच कळलं, मी चहा घेऊन आले होते आणि तिथेच बसले. बर्टोझी या शास्त्रज्ञाचा १९६४ चा प्रयोग, इलेक्ट्रॉनला ऊर्जा वाढवत वाढवत दिली, जुन्या हिशोबाने वेग प्रकाशाच्या कितीतरी पट व्हायला हवा होता, पण तो प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जाऊन तिथेच अडकला. मग ऊर्जा गेली कुठे? इलेक्ट्रॉन जिथे आदळले तिथली उष्णता मोजली तर ऊर्जा पूर्ण पोचलेली, फक्त वेगात दिसत नव्हती. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रात प्रोटॉनचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा सेकंदाला फक्त साधारण ३ मीटर कमी असतो आणि तेवढं शेवटचं अंतर काही केल्या भरून निघत नाही. वस्तुमान असलेल्या कशालाही तिथपर्यंत पोचायलाच अमर्याद ऊर्जा लागते.

मी २०११ च्या बातमीचं विचारलं, न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशाच्या पुढे गेले असं पेपरात आलं होतं ना. मला वाटलं तुम्ही उडवून लावाल, पण तुम्ही सगळी गोष्ट नीट सांगितलीत. सर्नपासून इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंत ७३० किमी, प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ६० अब्जांश भाग लवकर, त्या लोकांनी स्वतःच जगाला सांगितलं की आमची चूक शोधा, आणि पुढच्या वर्षी निघाली ती वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतली फायबरची नीट न बसलेली केबल. त्याआधीच एक शंका होती, १९८७ मध्ये १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरचा तारा फुटलेला दिसला, न्यूट्रिनो खरंच तेवढे जोरात धावत असते तर ते चारेक वर्षं आधी येऊन गेले असते, प्रत्यक्षात आले फक्त काही तास आधी, तेही प्रकाशाला ताऱ्यातून बाहेर पडायलाच उशीर झाला म्हणून. ही गोष्ट लेक आता येईल त्याला ऐकवते.

टॅकिऑन या अजून कल्पनेतल्याच कणांबद्दलही तुम्ही तिला नाउमेद केलं नाहीत. सुदर्शन, देशपांडे आणि बिलानियुक यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं की जन्मापासूनच प्रकाशापेक्षा वेगवान कण गणितात बसू शकतात, फक्त आजपर्यंत सापडलेला नाही एकही. देशपांडे नाव ऐकून ती जी खूश झाली!

क्लासमध्ये ती परत हात वर करायला लागलीये, काकू. २८ फेब्रुवारीला आयुका या आपल्या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत सायन्स डेला जायचं म्हणतेय, गुरुत्वीय लहरींचं विचारायचंय तिला, २०१७ ला १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एकाच टकरीतून या लहरी आणि गॅमा किरण अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकाने कसे आले ते. तुम्ही येणार असाल तर आम्ही खालीच रिक्षा घेऊन थांबतो, गुडघ्याचा त्रास आहे तर चालत अजिबात यायचं नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची