‘उद्या पाणी नाही’ म्हणजे नक्की कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ठाण्यातल्या कळव्याच्या मनीषानगरात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. केंद्र म्हणायचं ते पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. आहे एक गाळा, दोन शेगड्या, एक मोठा तवा आणि पोळ्या लाटायला येणाऱ्या दोघी. रोज 8 किलो कणीक लागते, पोळ्या 300च्या घरात होतात. डबे पारसिकनगरपर्यंत जातात, थोडे रुग्णालयात पेशंटच्या नातेवाइकांकडे. आपलं दैनिक पहाटे साडेपाचला शटरखालून आत येतं. त्यातलं राजकारण मी दुपारी तवा उतरल्यावर वाचते. सकाळी मला एकच बातमी हवी असते आणि नेमकी तीच हुडकावी लागते. कधी ती तिसऱ्या पानावर असते, कधी सातव्या पानावर नव्या टॉवरच्या जाहिरातीखाली, कधी ‘थोडक्यात’मध्ये दोन ओळींची. बातमी ही, की आमच्याकडे पाणी कधी बंद आहे.

लोकांना वाटतं, पोळ्यांना पाणी ते किती लागणार? खरंच, कणकेला फार लागत नाही, पाच-साडेपाच लिटर. पण पालेभाजी तीनदा धुवायची, पावसाळ्यात चारदा. मग पराती, कढया, कुकर, आणि परत आलेले डबे. गिऱ्हाइकं चांगली आहेत हो माझी, पण डबा विसळून देणारी बोटांवर मोजण्याइतकीच. 200 लिटरचं निळं पिंप दुपारी एकपर्यंत तळ दाखवतं.

तर चैत्रातली गोष्ट. एका बाईंनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची ऑर्डर आणली. आंब्याची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे, 60 जणींचं. शुक्रवारी संध्याकाळचं. गुरुवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, ‘उद्या शुक्रवारी 24 तास पाणी बंद. पाणी जपून वापरावे व सहकार्य करावे.’ 60 जणींचं पन्हं मी पिंपातल्या पाण्यावर करणार नव्हते. बाईंना फोन करून नाही म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण फोन ठेवला त्यावरून कळलं. शुक्रवारी सकाळी नळ सोडला तर धो धो पाणी! तो निरोप आदल्या वर्षीचा होता. कुणीतरी कुणाच्या तरी काकांकडून आलेला पुढे ढकलला होता. ‘उद्या’ लिहिलेलं होतं, पण ते कुठल्या दिवसाच्या पुढचं, ते कुणी लिहिलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तसाच निरोप आला, जवळजवळ त्याच शब्दांत. या वेळी मी शहाणी झाले होते. म्हटलं, हा तोच शिळा. रात्री निवांत दोन किलो डाळ भिजत घातली आणि झोपले. शुक्रवारी पहाटे नळाने दोनदा फुसफुस केली आणि गप्प झाला. पाच जार विकत आणले, आमटी रद्द केली, डबे कागदी द्रोणांत भरून दिले. त्या दिवशी आपल्या दैनिकात बातमी होती, मी नंतर पाहिलं. सातव्या पानावर. म्हणजे चूक माझी, हे मान्य. पण एक निरोप खोटा निघाल्यावर दुसरा खरा कसा ओळखायचा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पाणी बंद ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. मोठ्या नळाची डागडुजी करायची तर तो बंद करावाच लागतो. चुलीवरचं पातेलं उतरवल्याशिवाय चुलीची राख काढता येत नाही. प्रश्न आहे तो सांगण्याच्या पद्धतीचा.

ठाण्याच्या नळांना पाणी एका जागेहून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम (शहाड-टेमघरची पाणी कंपनी) आहे, एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आहे आणि काही भागाला मुंबई महापालिकेचं पाणी मिळतं. असे चार झरे. आमचा कळवा, शिवाय मुंब्रा आणि दिवा, यांची मदार मुख्यतः एमआयडीसीवर. बारवी धरणाचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन मोठ्या नळांतून आमच्यापर्यंत पोहोचतं. त्यामुळे जांभूळला पंप दुरुस्तीला काढला किंवा कटाई नाक्याकडे नळ गळायला लागला, की कोरडी पडते ती माझी परात. वागळे इस्टेटकडचा रुपादेवी पाडा, किसननगरचा भाग आणि कोलशेतचा खालचा गाव हेही त्याच सूचनेत असतात. माझी नणंद नौपाड्यात राहते. ‘ठाण्यात उद्या पाणी नाही’ असा मथळा दिसला की ती बादल्या, पातेली, देवाचा तांब्यासुद्धा भरून ठेवते. तिचा नळ त्या ओळीवर नाहीच. दुसऱ्या दिवशी ते सगळं भरलेलं पाणी मोरीत ओतते आणि ताजं भरते. एका शहरात राहून आम्हा नणंद-भावजयीचं पाणी वेगळं, हे तिला मी सांगितलं तेव्हा तिला ते टोमण्यासारखं वाटलं. मला स्वतःला तरी कुठे माहीत होतं? एकदा पूर्ण सूचना हाती लागली, वस्त्यांच्या नावांसकट, तेव्हा कळलं. मथळ्यात ‘ठाणे’ लिहिल्याने घोडबंदरपासून दिव्यापर्यंत सगळे घाबरतात, आणि ज्यांनी खरंच घाबरायला हवं त्यांना सवय होऊन जाते.

आता रात्री 12चं. सूचना अशी असते की ‘गुरुवारी रात्री 12 ते शुक्रवारी रात्री 12 पर्यंत पाणीपुरवठा बंद’. यावर आमच्या घरात भांडण झालेलं आहे. माझ्या मुलाचं म्हणणं, फोनमध्ये रात्री 12ला तारीख बदलते, म्हणजे गुरुवारचे रात्रीचे 12 म्हणजे बुधवार संपतो ते. त्यामुळे पाणी बुधवारीच भरलं पाहिजे. सासूबाई म्हणाल्या, वार सूर्योदयाला बदलतो. गुरुवारची रात्र ती गुरुवारची संध्याकाळ झाल्यावर येणारी. त्यांच्या पंचांगात तसंच आहे. मुलगा हसला. त्याच्या हिशोबाने आम्ही बुधवारी रात्री सगळं भरलं, गुरुवारी दिवसभर वापरलं (पाणी आहे की, मग वापरा) आणि शुक्रवारी पिंप अर्धं. सासूबाई बरोबर ठरल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस त्यांचा चहा जरा मोठ्या कपात होता. रेल्वेने ही भानगड कधीच मिटवली आहे. मध्यरात्रीनंतरच्या गाडीच्या वेळेपुढे 00 लिहितात, आणि कळव्याच्या फलाटावर उभं राहणाऱ्या कुणालाही ते कळतं. ‘गुरुवार संपून शुक्रवार लागताना’ असं लिहिलं तरी माझं काम होईल. चार शब्द जास्त जातील एवढंच.

आणि सूचनेच्या शेवटी एक वाक्य कायम असतं, ‘पुढील एक ते दोन दिवस पाणी कमी दाबाने येण्याची शक्यता आहे.’ हे वाक्य लोक वाचत नाहीत, पण धंद्याच्या दृष्टीने तेच खरं. बंद 24 तासांचं असलं तरी रिकामा झालेला नळ आधी भरतो, मग टाक्या भरतात, मग सखल भागातल्या इमारती, आणि सगळ्यांत शेवटी चढावरच्या वस्त्या. माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या दोघींपैकी एक भास्करनगरात राहते, पारसिकच्या डोंगराच्या अंगाला. पाणी शुक्रवारी रात्री सुरू झालं तरी शनिवारी ती मला ‘ताई, आज उशीर होईल’ असा फोन करतेच. म्हणजे माझ्या गाळ्यात पाणी आलेलं असतं आणि पोळ्या लाटणारी रांगेत उभी असते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला लागले आहे: सूचनेत किती वाजता सुरू होणार, आमच्याकडे किती वाजता आलं, तिच्याकडे किती वाजता. आमच्या आणि तिच्या वेळेत कधीकधी जवळजवळ एक दिवसाचं अंतर पडतं. बंद कधी होणार हे चार जण सांगतात. कुठे कधी परत आलं, हे मात्र कुणीच छापत नाही.

पूर्वी आमच्या नाक्यावर फळा होता. हिरवट रंगाचा, वर पत्र्याचं छोटं छप्पर. मृत्यूची बातमी, रक्तदान शिबिर, लसीकरण, पाणी, सगळं त्यावर खडूने. लिहिणाऱ्याचं अक्षर मराठी शाळेतलं होतं आणि उजव्या कोपऱ्यात न चुकता वार आणि तारीख. शाळेत बाई घालून देतात ती सवय. मार्च 2022मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि मग जवळजवळ चार वर्षं निवडणूक नाही. त्या काळात तो फळा फ्लेक्सच्या मागे गेला. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग दहीहंडी, मग पुन्हा वाढदिवस. 15 जानेवारी 2026ला मतदान झालं. आमच्याकडे प्रत्येकाने चार-चार मतं दिली. शहरात आता 131 नगरसेवक आहेत, आमच्या वाट्याला चार. चौघांनी मिळून एक फळा बाहेर काढला तरी पुष्कळ. खडूचा खर्च मी करते.

मुलाने त्या सूर्योदयाच्या पराभवानंतर जरा अभ्यास केला. म्हणाला, 2005च्या माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम 4 आहे. त्यात सरकारी यंत्रणांनी लोकांना मागावी लागू नये इतकी माहिती आपणहून द्यावी असं म्हटलंय, आणि ती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यांत परिणामकारक ठरणारा मार्ग ध्यानात घ्यावा असंही. मार्ग कोणते, तेही त्यात सांगितलंय. त्यात इंटरनेट आहे, वर्तमानपत्र आहे, पण सगळ्यांत पहिला आहे सूचना फलक. म्हणजे आमचा फळा कायद्यात आहे! मला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्याला पहिली पोळी तूप लावून दिली.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणं छोटं आहे. एक चौकट द्या. रोज त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात, पाणी बंद नसेल त्या दिवशीसुद्धा. ‘आज कुठेही बंद नाही’ ही माझ्यासाठी मोठी बातमी आहे. शिळ्या निरोपाला तेच एक औषध. चौकटीत तारीख वर्षासकट असावी. वस्त्यांची नावं असावीत, प्रभागांचे आकडे नकोत. मला माझा प्रभाग मतदानाच्या चिठ्ठीवर कळला आणि चिठ्ठी हरवली तसा तोही हरवला. पाणी चारपैकी कुठलं, ते लिहावं, म्हणजे नणंदेच्या देवाचा तांब्या वाचेल. आणि दुसऱ्या दिवशी एक ओळ, कुठे पाणी आलं आणि कुठे अजून नाही. त्या ओळीसाठी वार्ताहर पाठवायचीही गरज नाही, भास्करनगरातून आम्ही फोन करू. मुंब्रा बायपास बंद असल्याची बातमीही त्याच चौकटीत बसली तर आमचा डबेवाला मुलगा दुवा देईल, पण ते जागा उरली तर.

तोवर मी गाळ्याबाहेर एक छोटा फळा टांगला आहे. लोक थांबून वाचतात, काही जण पोळ्या न घेताच पुढे जातात, चालायचंच. मागच्या आठवड्यात कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो फिरत फिरत माझ्याच फोनवर आला. वरचा उजवा कोपरा कापलेला होता. आता तारीख मी फळ्याच्या मधोमध लिहिते.

आपली,
एक पोळी-भाजीवाली,
मनीषानगर, कळवा
(नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयाकडे वेगळा दिला आहे.)