महिन्याला बाळंतपणं किती, हे आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या ‘बारावीनंतर काय’ या पानाचं कात्रण घेऊन शेजारची मुलगी परवा माझ्याकडे आली. ‘काकू, मला डिलिव्हरीचीच सिस्टर व्हायचंय. त्याचा कोर्स कुठला?’ माझी २९ वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये गेली, म्हणून हे पत्र.

बारावीनंतर थेट तसा कोर्स आपल्याकडे नाही. दोन वर्षांचं एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका), तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) नाहीतर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, यांतूनच जावं लागतं. बी.एस्सी.ला बायोलॉजी हवंच, जीएनएमला आर्ट्सची मुलगीही चालते. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते ती नर्स आणि मिडवाइफ (बाळंतपण करणारी परिचारिका) अशी दोन्ही. नावापुढे ‘आरएन, आरएम’ लागतं. त्यातल्या ‘आरएम’चं पुढे काय होतं, ते कुणी विचारत नाही.

आमच्या वेळी २० बाळंतपणं स्वतःच्या हातानं केल्याशिवाय वहीवर सही मिळत नसे. नोकरीच्या शेवटच्या काळात खासगी कॉलेजच्या मुली आमच्याकडे पोस्टिंगला यायच्या. एकीची वही पाहिली. सगळे रकाने सुंदर अक्षरात भरलेले. बाळामागून पडलेली वार (प्लॅसेंटा) समोर होती. म्हटलं, ‘ही वार घे, तपासून दाखव.’ पोरगी रडवेली झाली. वार ट्रेमध्ये पसरायची, एकेक पाकळी शेजारच्या पाकळीला जुळते का बघायचं, पडदे पुरे आहेत का बघायचं. बोटाच्या पेराएवढा तुकडा आत राहिला तरी बाई रक्तानं भिजते. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, पण हातात वार कधी घेतलीच नव्हती. दोष तिचा नव्हता. तिच्या कॉलेजशी जोडलेल्या दवाखान्यात बाळंतपणंच मोजकी, आणि त्यातही सिझेरियन जास्त.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. म्हणजे बाळंतपणांना तोटा नाही. पण चारातलं एक सिझेरियन, आणि खासगीत हे प्रमाण आणखी जास्त. तिथे विद्यार्थिनी थिएटरच्या कोपऱ्यात उभी राहते. पहिलटकरणीच्या पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा येतात हे मोजणं, दर अर्ध्या तासानं बाळाचे ठोके ऐकणं (११० ते १६०च्या बाहेर गेले की डॉक्टरांना हाक), पार्टोग्राफची, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याच्या तक्त्याची, रेघ ओढणं, ही सवय सरकारी वॉर्डातल्या रात्रपाळीतच लागते. आणि कळा देणाऱ्या बाईवर ओरडायचं नाही, हीसुद्धा. हे मी उशिरा शिकले, कबूल करते.

नोकरी लागली तरी लेबर रूम मिळेलच असं नाही. पाच-सहा वर्षांत हात बसतो, तोच ऑर्डर येते : उद्यापासून डोळ्यांच्या वॉर्डात. केंद्र सरकारनं २०१८मध्ये मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जीएनएम, बी.एस्सी. झालेल्यांसाठी १८ महिन्यांचं नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी हे प्रशिक्षण त्यात आहे. २०२३च्या नव्या कायद्याच्या नावातही नर्सिंगच्या जोडीला मिडवायफरी आली. आता प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरला लेबर रूममधून हलवायचं नाही, एवढा नियम आपल्या आरोग्य विभागानंही पाळावा. डोळ्यांच्या वॉर्डाशी माझं वैर नाही.

आपल्या पानावर फी, जागा, शेवटची तारीख सगळं असतं. त्यात कॉलेजच्या रुग्णालयात महिन्याला किती बाळंतपणं होतात, हाही रकाना घालावा, ही विनंती. शेजारच्या मुलीला मी तेवढा एकच प्रश्न लिहून दिला होता. वडिलांना घेऊन ती एका कॉलेजात जाऊन आली. खिडकीतल्या क्लार्कनं चिठ्ठी वाचली, उलटी करून मागची बाजूही बघितली आणि हॉस्टेलचं फीपत्रक पुढे सरकवलं.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा